एम.एड. एलडी घ्यावं का? पदवीच्या नावाआधी सरावाचे तास मोजा

प्रश्न विचारणाऱ्या ताई सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत नऊ वर्षं शिकवतात. बी.ए., बी.एड. झालंय. दरवर्षी वर्गात तीन-चार मुलं अशी असतात की तोंडी विचारलं तर धडाधड सांगतात, आणि वही समोर आली की गप्प होतात. या मुलांसाठी नीट काहीतरी शिकावं म्हणून दोन वर्षं रजा घ्यायची त्यांची तयारी आहे. समोर तीन पर्याय आहेत: विशेष शिक्षणातलं एम.एड. (विषय अध्ययन अक्षमता, इंग्रजीत लर्निंग डिसॅबिलिटी किंवा एलडी, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं); मानसशास्त्रात एम.ए.; आणि समावेशक शिक्षणाचं ऑनलाइन मास्टर्स. यातली कुठली पदवी घेतली तर या मुलांना शिकवता येईल, असं त्या विचारतात.

ताई, मी २२ वर्षं हेच काम करते आहे. आधी रुग्णालयाच्या एलडी क्लिनिकमध्ये, आता शाळेच्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांना वेगळं बसवून शिकवायच्या खोलीत. त्या अनुभवावरून लिहिते.

पहिल्यांदा एक अडचण सांगायला हवी. तुमचं बी.एड. सर्वसाधारण आहे. त्यावर विशेष शिक्षणाच्या एम.एड.ला थेट प्रवेश मिळत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आपण सगळे जिला आरसीआय म्हणतो तिच्या, नियमांप्रमाणे त्यासाठी एकतर विशेष शिक्षणातलं बी.एड. लागतं, नाहीतर साध्या बी.एड.च्या जोडीला परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणाची पदविका लागते, आणि दोन्हींत किमान ५० टक्के गुण. हे माहीत नसल्यामुळे रजेचा अर्ज देऊन, घरची घडी बसवून, मग प्रवेशाच्या टेबलावरून परत आलेल्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. दुसरं म्हणजे, अभ्यासक्रमांबाबतचं परिषदेचं धोरण सध्या बदलतं आहे, चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमांकडे ते झुकलं आहे. त्यामुळे मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका. ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहा. संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, अक्षमतेचा प्रकार आणि मान्यतेची मुदत, चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

आता त्याहून महत्त्वाचं. समजा प्रवेश मिळाला, तरी हे एम.एड. तुम्हाला जे हवंय त्यासाठी बनलेलंच नाही. ते मुळात शिक्षकांना शिकवणारे, अभ्यासक्रम आखणारे, संशोधन करणारे लोक तयार व्हावेत म्हणून आहे. संशोधन पद्धती, सांख्यिकी, अभ्यासक्रम रचना, शिक्षक-प्रशिक्षण, लघुप्रबंध हा त्याचा गाभा. चौथीतल्या मुलाला वाचायला कसं शिकवायचं, ते तुम्ही आधीच शिकून आला आहात असं त्यात धरलेलं असतं. पुढे बी.एड. महाविद्यालयात शिकवायचं असेल, नेट द्यायची असेल, पीएच.डी. करायची असेल, एखाद्या संस्थेचा विशेष शिक्षण विभाग सांभाळायचा असेल, तर एम.एड. हवंच आणि ते जरूर करा. पण तुमचा प्रश्न वहीसमोर गप्प होणाऱ्या मुलांचा आहे. त्याचं उत्तर एक पायरी खाली आहे: अध्ययन अक्षमता हाच विषय असलेलं विशेष बी.एड. किंवा पदविका. मास्टर्स त्यानंतर, दोन-तीन वर्षं मुलांबरोबर काढून. तशा विद्यार्थिनी एम.एड.ला येतात तेव्हा त्यांच्या लघुप्रबंधाचा विषय त्यांच्याच कामातून आलेला असतो, गाइडने हातात ठेवलेला नसतो.

मानसशास्त्राच्या एम.ए.बद्दल एक गैरसमज फार पसरला आहे, की ते केलं की मुलांच्या चाचण्या घेता येतात. तसं नाही. अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळण्याआधी मुलाची दृष्टी आणि श्रवण तपासतात, मग बुद्ध्यांक पाहतात, आणि वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक तपासणी होते. बुद्ध्यांकाच्या चाचण्या, मग ती बिने-कामत असो की मलिनची, दाखल्यासाठी घ्यायच्या तर परिषदेकडे नोंद असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतो, साधं एम.ए. पुरत नाही. शैक्षणिक तपासणी मात्र विशेष शिक्षकाचं काम आहे. मूल कुठे अडकतंय, कितवीच्या पातळीवर वाचतंय, चुकांचा साचा काय, हे आपण लिहून देतो, आणि पुढचं सगळं शिकवणं त्या कागदावर उभं राहतं. मानसशास्त्र वाचा, उपयोगच होईल. पण मुलांना वाचायला शिकवायचं असेल तर त्यात दोन वर्षं घालवू नका.

ऑनलाइन मास्टर्सबद्दल थोडक्यात: समावेशक शिक्षणाचा विचार समजून घ्यायला, धोरणावर काम करायला, मुख्याध्यापक म्हणून शाळा बदलायला ते चांगलं आहे. पण प्रत्यक्ष मुलाशेजारी बसायला ते शिकवत नाही, आणि परिषदेची मान्यता नसेल तर त्यावर सीआरआर नंबर मिळत नाही. हा नंबर म्हणजे केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीतली तुमची नोंद. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार विशेष शिक्षक म्हणून काम करायला ती लागते. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं, आणि त्यासाठी सतत प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. शाळेत मुलाखतीला गेलात की पदवी कुठल्या विद्यापीठाची, याआधी सीआरआर नंबर विचारतात.

मग संस्था कशी निवडायची? इथे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण माझी स्वतःची पहिली वर्षं इथेच चुकली. मी जिथे शिकले त्या संस्थेचं नाव घेत नाही. तिथे आम्ही पाठ नियोजनाच्या फायली भरल्या, तक्ते रंगवले, शैक्षणिक साधनांचं प्रदर्शन मांडलं. मुलांबरोबर बसलो ते मोजून काही शनिवार, तेही चार-चार विद्यार्थिनी मिळून एका मुलासमोर. पदवी मिळाली, पहिला वर्गही मिळाला. काम मात्र मी क्लिनिकमध्ये शिकले, कारण तिथे एक ज्येष्ठ मॅडम माझ्या मागे खुर्ची टाकून बसायच्या.

एक दिवस आठवतो. चौथीतला मुलगा, समोर वाक्य होतं, ‘पावसात दऱ्या हिरव्या झाल्या.’ त्याने वाचलं, ‘दर्या’. मी लगेच म्हटलं, ‘दऱ्या.’ तो म्हणाला ‘दऱ्या’ आणि पुढे गेला. तास संपल्यावर मॅडमनी विचारलं, “त्याला काय येत नव्हतं?”

“जोडाक्षर,” मी म्हटलं.

“कशावरून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॅडमनी मुलाला परत बोलावलं. एका कागदावर समुद्र काढला, दुसऱ्यावर दोन डोंगर आणि मधली खोल जागा. तोंडाने म्हणाल्या, “दर्या.” त्याने समुद्रावर बोट ठेवलं. “दऱ्या.” बोट डोंगरांच्या मध्ये गेलं. म्हणजे कानाला फरक कळत होता. मग त्यांनी ‘दोऱ्या, सुऱ्या, कैऱ्या’ असे शब्द लिहून दिले. तिन्ही चुकले, आणि तिन्ही एकाच तऱ्हेने: प्रत्येक ठिकाणी त्याने रफारासारखा उच्चार केला. मग ‘सूर्य, पर्वत, गर्दी’. तिन्ही बरोबर. पाच मिनिटांत चित्र स्वच्छ झालं. मुलाचे कान ठीक, रफार ठीक, जोडाक्षर ही कल्पनाही ठीक. आपल्या लिपीत र चं जे आणखी एक रूप आहे, य च्या डाव्या बाजूला चंद्रकोरीसारखं बसणारं, ते त्याला कोणी वेगळं दाखवलंच नव्हतं. मी ‘दऱ्या’ सांगून त्याची चूक बुजवून टाकली होती, आणि चुकीबरोबर तिचं कारणही.

मागे बसून असं विचारणारं माणूस ज्या अभ्यासक्रमात आहे, तो अभ्यासक्रम घ्या. बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

म्हणून संस्थेत जाऊन हे विचारा, आणि शक्य असेल तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींनाच विचारा: तुम्ही एका मुलाबरोबर सलग किती आठवडे बसलात? त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तुम्ही लिहिला की फाइलमधला उतरवला? तुमचा तास कोणी पाहिला, किती वेळा, आणि पाहून काय बोललं? सराव कुठे होतो, रुग्णालयाच्या क्लिनिकमध्ये, रिसोर्स रूममध्ये, की साध्या वर्गात? तिन्हीकडे झाला तर उत्तम. उत्तरादाखल विद्यार्थिनी मुलाचं नाव न घेता त्याच्याबद्दल बोलायला लागल्या, तो काय वाचायचा, कशाला हसायचा, कुठे रडला, तर ती संस्था चांगली आहे असं समजा. नुसते फायलींचे आकडे सांगितले, तर आणखी एखादी संस्था पाहून या.

मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग जुना आहे, चौकशी तिथून सुरू करायला हरकत नाही. वांद्र्याची अली यावर जंग संस्था नावाजलेली आहे, पण तिचं क्षेत्र श्रवणदोष आहे. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था बौद्धिक अक्षमतेसाठी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण जाहिरातीत नुसतं ‘विशेष शिक्षण’ दिसलं की लोक अर्ज भरतात आणि मग कळतं की विषय वेगळाच आहे. बौद्धिक अक्षमतेतली पदवी घेऊन एलडीच्या मुलांना शिकवणारे चांगले शिक्षक मी पाहिले आहेत, पण त्यांना वाचनाचं शास्त्र नव्याने शिकावं लागलं.

वाचनाचं शास्त्र म्हटल्यावर मराठीचा मुद्दा आला, आणि तुमच्या बाबतीत मला तो फार मोठा वाटतो. या विषयाची पुस्तकं बहुतेक इंग्रजी आहेत, त्यातली उदाहरणं इंग्रजी, पद्धतीही इंग्रजी वाचनासाठी घडलेल्या. इंग्रजीत मूल अक्षर आणि आवाज यांच्या बेभरवशाच्या नात्यात अडकतं. आपल्याकडे ते नातं बरंच सरळ आहे, म्हणून आपली मुलं चुकतात कमी, पण वाचतात फार हळू. हळू वाचणारं मूल शिक्षकाच्या नजरेत लवकर येत नाही, आळशी म्हणून शिक्का मात्र बसतो. शिवाय आपले पेच वेगळे. ‘दिवस’ म्हणताना द आधी ऐकू येतो, लिहिताना वेलांटी आधी काढायची. ‘कमळ’ हा शब्द मूल अक्षर-अक्षर फोडून, प्रत्येकातला अ पूर्ण उच्चारत वाचतं, आणि तीन अक्षरं जुळून त्यातून फूल उमलतच नाही, कारण आपण बोलताना ‘कमळ्’ म्हणतो. घ-ध, भ-म, ऱ्हस्व-दीर्घ हे तर तुम्ही रोज पाहता. मराठीतून शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचायची, पद्धत जशीच्या तशी लावली तर त्याचे महिने फुकट जातात. म्हणून विचारा: तुमच्या अभ्यासक्रमात भारतीय लिप्यांवर काही आहे का? मराठीतली चाचणी वापरता का? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचं साधन तयार केलं आहे, त्यात मराठीही आहे. प्राध्यापकांनी ते हाताळलेलं असेल तर फार चांगली खूण. आणि पुढे कधी एम.एड. कराल तेव्हा लघुप्रबंध मराठी वाचनावरच करा. या क्षेत्रात त्याची फार गरज आहे, आणि नऊ वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या बाईंइतकं ते चांगलं कोण करणार?

नोकरीचं म्हणाल तर चित्र पूर्वीपेक्षा बरं आहे, पण सरळ नाही. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात आपल्या मुलांचं नावच नव्हतं. २०१६ च्या कायद्यात २१ अक्षमता आल्या, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि ती लवकर ओळखून योग्य शिक्षण देणं हे शाळांचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. महाराष्ट्र तसा लवकर जागा झाला. दहावीच्या परीक्षेत सवलती इथे १९९६ पासून मिळायला लागल्या: जास्त वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न हाती घेतला, आणि पुढच्या वर्षी केंद्राने प्रमाण ठरवलं: प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक. कागदावर हे मोठं पाऊल आहे. प्रत्यक्षात समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले फिरते विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबतात, एकेकाकडे अनेक शाळा असतात, आणि त्यांच्या कामाची किंमत व्यवस्थेने अजून केलेली नाही. सीबीएसईच्या शहरी शाळांमध्ये जागा जास्त आहेत, पण तिथे बहुतेक काम इंग्रजीत चालतं.

म्हणूनच तुम्हाला माझा आग्रह आहे की सध्याची नोकरी सोडू नका. अनुदानित शाळेत कायम असलेली, मुलांना ओळखणारी आणि सीआरआर नंबर असलेली शिक्षिका आपल्या जिल्ह्यांमध्ये शोधून सापडणार नाही. अभ्यास रजा मिळेल का, कोणत्या अटींवर मिळेल, ते तुमची शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर दोन वर्षं बाहेर पडू नका. परत आल्यावर मुख्याध्यापकांकडे खोली मागा. मोठी नको, एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकी पुरते. तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी परदेशातल्या मास्टर्सबद्दलही विचारलं आहे. अमेरिकेत शिकवायचा परवाना राज्याराज्याचा वेगळा असतो, त्यामुळे ज्या राज्यात राहणार तिथल्या परवान्यापर्यंत नेणाराच अभ्यासक्रम घ्यावा. परत येऊन इथे काम करायचं असेल, तर आपल्या परिषदेत नोंद होईल का हे जाण्याआधी विचारून ठेवावं.

प्रवेशाला अजून काही महिने आहेत. तोपर्यंत एक करा. त्या तीन-चार मुलांपैकी एकच निवडा, आठ वर्षांच्या पुढचं. त्याच्या आईवडिलांशी बोला, डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. तुमचा अंदाज खरा वाटला तर त्यांना जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवा, कारण दाखल्याला वेळ लागतो आणि दहावी येते तेव्हा फार घाई होते. आणि रोज १५ मिनिटं त्या मुलाशेजारी बसा. समोर नाही, शेजारी, म्हणजे तो जे पाहतोय तेच तुम्हाला दिसेल. त्याला आवडेल असा साधा उतारा द्या. एक वही घ्या, पानाचे दोन भाग करा. डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे त्याने जे वाचलं ते, जसंच्या तसं. त्याने दर्या वाचलं तर दर्याच लिहा. दुरुस्त करू नका, लाल रेघ मारू नका. किती सेकंद थांबला तेही कोपऱ्यात टिपून ठेवा. ३० दिवस झाले की उजवीकडचा रकाना वरून खाली सलग वाचा, आणि संस्थेत चौकशीला जाताना ती वही बरोबर न्या. तिथले प्राध्यापक ती उघडून वाचायला लागले तर अर्ज तिथेच भरा.